पठारावरील ऊर्जासंचय

९ ऑक्टोबर

चष्माभवननिवासिनी, अंधुकजनोद्धारिणी, ज्येष्ठ भगिनी अक्का यांस धाकट्याचा सादर, सविनय आणि (पठाराला उतार असल्याने) किंचित तिरका नमस्कार.

फोन न करता पत्र का, हा प्रश्न तू विचारण्यापूर्वीच उत्तर देतो. या पठारावर फोनला संपर्क मिळत नाही आणि तो चार्ज करण्यात वीज दवडणे ही सध्या माझ्या लेखी चैन आहे. शिवाय अण्णांना पत्रे मोठ्याने वाचून दाखवण्याचा परिपाठ तू ठेवला आहेस, आणि पत्रातला मी प्रत्यक्षातल्या माझ्यापेक्षा पुष्कळ सुसह्य असतो, हे मत त्यांचेच. पायथ्याच्या किराणा दुकानात टपालपेटी आहे. तिथला दुकानदार माझी पत्रे साबणांच्या फळीवर जपून ठेवतो, त्यामुळे या पत्राला आणि तुझ्या उत्तरालाही सुगंध येईल.

आता मुख्य विषय. गेल्या महिन्यात जेवताना अण्णा म्हणाले, "एकदा नदी बघायला हवी." तू "बघू" म्हणालीस आणि आमटी वाढलीस. मी मात्र तत्क्षणी संकल्प केला. ज्या वळणावर अण्णांनी सारी नोकरी पाण्याची पातळी मोजण्यात घालवली, तिथे, त्यांच्या त्या आकड्यांच्या खांबासमोर, माझी ही चाकांवरची झोपडी उभी करायची आणि पितापुत्रांनी तिथे एक संपूर्ण रात्र काढायची. पहाटे पाण्याच्या नादाने त्यांना जाग यावी, हे या संकल्पाचे शिखर.

विघ्न एकच. अण्णांना रात्रभर श्वासाचे मशीन लावावे लागते, आणि त्या वळणाच्या आसपास विजेचा एक खांबही नाही. म्हणजे रात्रभराची वीज गाडीतच साठवून न्यायला हवी. गाडीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. तिला हात लावायचा नाही, अन्यथा गाडी जागची हलणार नाही. दुसरी आसनाखाली दडलेली, दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालवणारी. तिला कारखानदार 'फुरसतीची बॅटरी' म्हणतात. माझे आयुष्य परिभाषा कार्यालयात कोणीही न वापरलेले शब्द घडवण्यात गेले. माझ्या हाती असते तर मी तिला 'विश्रामकालीन विद्युत्संचायक' म्हटले असते, आणि मग तिला कोणीच विकत घेतले नसते.

टपावर सौरपट्ट आहे. तो सूर्याकडून घेतो आणि बॅटरीस देतो. तुमच्या गल्लीत हा व्यवहार अशक्य, कारण तिथे ऊन भाड्यानेही मिळत नाही. म्हणून मी येथे, उघड्या आकाशाखाली, ऊर्जासंचयाच्या अनुष्ठानास बसलो आहे. बॅटरी सिद्ध झाली की येतो आणि अण्णांना घेऊन जातो. फार तर पंधरवडा.

घाई नाही ना?

तुझा, सौरऊर्जेवर चालणारा,
पंडित


१६ ऑक्टोबर

पंडित,

पत्र मिळालं. साबणाचा वास खरंच येतोय. अण्णांना वाचून दाखवलं. 'अंधुकजनोद्धारिणी' पुन्हा वाच म्हणाले आणि हसता हसता खोकला लागला, म्हणून तिथे जरा थांबावं लागलं.

आत्ताही शेजारीच बसलेत आणि मी काय लिहिते त्यावर लक्ष आहे. म्हणतायत, "त्याला लिही, बॅटरीशी असं बोललास तर ती चार्ज कशी होईल? तिला कळायला नको?"

मी म्हटलं, "तुम्हाला तरी कुठे कळतं तो काय बोलतो ते?"

"मला कळायची गरज नाही. मला त्याच्याकडून वीज नकोय."

अशी आमची करमणूक चालू आहे. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. शाळांत डोळ्यांची तपासणी झाली की सगळ्या गावाच्या मुलांना एकदम कमी दिसायला लागतं. संध्याकाळी घरी येते तेव्हा अण्णा जागे असतात. त्यांचा पलंग खिडकीशी हलवलाय. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेत एक खुर्ची ठेवली आहे, बरोब्बर मध्ये. सगळ्यांचा पाय लागतो तिला, पण असू दे म्हणतात.

घाईचं विचारलंस. अण्णा म्हणतायत, "नदी कुठे जात नाही. सावकाश." तुला आपलं घर माहीतच आहे. आई ऑपरेशननंतर घरी यायला निघाली, आपण दोघंही न्यायला उशिरा पोचलो, तर पायरीवर बसून म्हणत होती, "सावकाश आलात तरी चाललं असतं."

तब्येतीला जप. वर थंडी पडत असेल.

अक्का

ता. क. – अण्णा म्हणतात, येताना गाडी धुऊन आण.


२८ ऑक्टोबर

अक्का यांस,

पाणी न सांडता, साबण न वापरता, केवळ शब्दांनी प्रक्षालित अशा गाडीतून हे पत्र.

खुर्ची भर वाटेत ठेवण्याच्या नव्या गृहसजावटीबद्दल तुम्हा उभयतांचे अभिनंदन. अडथळ्यावाचून घराला घरपण नसते. मी आलो की त्या खुर्चीला अडखळून पडण्याचा मान माझा असावा.

प्रयोगाचा वृत्तान्त असा. अण्णांच्या मशीनला जेवढी वीज लागते तेवढीच खाणारा एक दिवा मी मिळवला. दिवसभर बॅटरी उन्हावर चार्ज करायची, सूर्यास्ताला दिवा लावायचा आणि आपण निजायचे. उजाडता दिवा जळत असेल तर मशीनही जळाले असते, म्हणजे चालले असते. क्रियापदाच्या निवडीबद्दल क्षमस्व. प्रयोग अत्यंत उद्बोधक ठरत आहे. निष्कर्ष योग्य वेळी कळवीन.

दरम्यान एक क्रांतिकारक निर्णय घेतला. आसनाखालची बॅटरी आता वयस्क झाली आहे. खाली गावात जाऊन दुसरी, कोरी करकरीत आणली आणि तिच्या जोडीला बसवली. जुनी काढून टाकण्याचा सल्ला विक्रेत्याने दिला. पण चालती वस्तू टाकणे आपल्या रक्तात नाही. दोघी मिळून भार वाहतील. सोबत आलेल्या पुस्तिकेची भाषा मात्र दुःसह आहे. 'संपूर्ण भारित' ऐवजी 'पूर्णतः भरलेली गेलेली असावी', आणि विरामचिन्हे तर मुठीने उधळलेली. तांबडी पेन्सिल घेऊन मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शुद्ध केली आणि कारखान्यास पाठवण्यासाठी बाजूला ठेवली. कार्यालय सुटले तरी हात सुटत नाही.

पठारावर माझ्यासारखी आणखी एक गाडी आहे. तिची स्वामिनी निवृत्त दंतवैद्य. बाईंच्या वाक्याला पकड असते, आणि एकदा धरले की उपटल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारा जनरेटर आहे. काल येऊन म्हणाल्या, "हा घ्या. दुपारभर लावा, बॅटऱ्या भरतील, उद्या निघा."

मी म्हटले, "बाई, मी सूर्याशी करार केला आहे. त्यात हे धुराचे तिसरे पक्षकार नकोत."

"सूर्य तुमच्या वडिलांना ओळखतो का?" असे विचारून त्या गेल्या.

अण्णांना सांग, नदीकडे जाणारा रस्ता मी नकाशात निश्चित केला आहे. शेवटचा टप्पा कच्चा आहे, तिथे सावकाश नेईन.

आठदहा दिवसांत कळवतो.

तुझा, अर्धा भारित,
पंडित


५ नोव्हेंबर

पंडित,

आज दुकानातून लिहितेय. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, समोर फ्रेमांच्या सगळ्या ओळी माझ्याकडे बघतायत.

तुझं पत्र काल वाचलं. दंतवैद्यबाई अण्णांना फार आवडल्या. "तिला विचार, पंडितची अक्कलदाढ आली का," म्हणाले. बॅटऱ्यांची जोडी लावलीस हे ऐकून त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हातारीला तरणीच्या गळ्यात बांधलंय. बिचारी तरणी." आणि माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, असलं बोलू नका.

अण्णा आता दुपारीही मशीन लावून बसतात. बरं वाटतं म्हणतात. पेपर वाचतात तेवढ्या वेळ, आणि वाचून झाल्यावरही.

डॉक्टर येऊन गेले. छान बोलतात ते. निघताना जिन्यात म्हणाले, कुठे न्यायचं असेल तर थंडीच्या आत न्या. थंडी कोणालाही बाधतेच म्हणा. तू लगेच काळजी करू नकोस. तुझं चालू दे. मी आपलं कानावर घातलं.

लिहायचं आणखी होतं, पण एक बाई आल्या आहेत. त्यांना जवळचंही दिसत नाही आणि लांबचंही. त्यांना एकाच काचेत दोन्ही हवंय.

सवडीने लिही.

अक्का


२३ नोव्हेंबर

अक्का यांस, मेघाच्छादित प्रदेशातून,

उत्तरास विलंब झाला याचे कारण तू आहेस. रागावू नकोस, सांगतो.

अण्णा दुपारीही मशीन लावून वर्तमानपत्र वाचतात, असे तू लिहिलेस. माणसाला उतारवयात एखादी हौस जडली तर ती पुरवावी, या मताचा मी आहे. पण त्यामुळे माझे गणित मुळापासून कोसळले. मी केवळ रात्रीची वीज धरून चाललो होतो. आता दुपारही धरणे आले. नदीकाठी नेऊन अण्णांना "दुपारचे मशीन मिळणार नाही" असे सांगणे यजमानाला शोभत नाही. तेव्हा तिसऱ्या बॅटरीचा विचार करीत आहे. ती बसवायची तर आसन उचकटावे लागेल, आणि आसन उचकटले की मी निजायचे कुठे, हा उपप्रश्न.

त्यात आकाशाने असहकार पुकारला आहे. सूर्य सकाळी उशिरा येतो, आळस देतो आणि ढगात शिरतो. सौरपट्टाला ढगातून जेवढी वीज मिळते तेवढ्यात माझा दाढीचा वस्तराही अर्ध्या गालावर थांबतो. सध्या माझा एक गाल तत्त्वज्ञ आणि दुसरा कारकून आहे.

दंतवैद्यबाई काल निरोप घ्यायला आल्या. थंडी वाढली, त्या खाली उतरल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्याकडे दाढ धरून माणूस यायचा ना, तेव्हा मी अवजारं घासत बसत नव्हते."

"बाई," मी म्हटले, "अस्वच्छ अवजाराने दाढ काढलेलीही बरी नव्हे."

"काढली नाही तर ती आपोआप पडते. मग अवजार कितीही चकचकीत असलं तरी त्याचं काय करता?"

जनरेटर त्या मागे ठेवून जायला तयार होत्या. मी विनयपूर्वक नाकारला. आता पठारावर मी एकटा.

तू डॉक्टरांचे म्हणणे कानावर घातलेस ते बरे केलेस. थंडी बाधते, हे मला येथे प्रत्यक्ष प्रमाणाने पटले आहे. म्हणूनच ठरवले की अण्णांना या बोचऱ्या दिवसांत बाहेर काढू नये. चांगली स्वच्छ उन्हे पडली, बॅटऱ्या पूर्ण झाल्या, की येतोच. दोघांनीही सावकाश म्हटले आहे, हा मला मोठाच आधार आहे.

अण्णांना सांग, खिडकीचे दार रात्री लावून घ्यावे.

तुझा, अंशतः ढगाळ,
पंडित


५ जानेवारी

पंडित,

अण्णांना जाऊन महिना झाला. तू परत पठारावर निघून गेलास तेव्हा मला राग आला नव्हता. आज आला, म्हणून लिहितेय.

मी दुकानदाराला फोन केला, त्याने माणूस वर पाठवला आणि तू पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. त्याबद्दल नाही बोलत मी. त्या दिवशी ते हॉस्पिटलात असताना मीच फोन न करता वाट बघत बसले. अण्णा म्हणाले, "त्याला उगीच पळायला लावू नकोस." आणि मी ऐकलं. पण तू आलास, चार दिवस राहिलास, भेटायला आलेल्या माणसांना हसवलंस. अण्णांच्या जुन्या ऑफिसातले ते दोघं तर डोळे पुसत पुसत हसत होते. माझ्याशी काय बोललास, आठवतंय? "दूध उतू जातंय." एवढंच.

आता ऐक. हॉस्पिटलात न्यायच्या आधीच्या दुपारी मी त्यांना म्हटलं, "नदीकाठी रात्र काढायची राहिलीच तुमची."

ते म्हणाले, "रात्र? रात्र कशाला?"

"पंडित न्यायचा होता ना."

"त्याच्या डोक्यात होती रात्र. मी रात्री पुष्कळ काढल्या तिथे, डास मारत. मला आपलं दुपारी तासभर बसायचं होतं. पाणी कुठवर आलंय ते बघायचं, चहा प्यायचा, परत यायचं."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

"पोरगा एवढा रंगला होता. कशाला विरस करायचा?"

तासभर, पंडित. दुपारी. मला चष्म्याच्या नंबरापलीकडचं गणित येत नाही, पण एवढं कळतं की गाडीचं इंजिन चालू ठेवलं असतं तर तासभर मशीन चाललं असतं. बॅटरी लागलीच नसती. एकही नाही. आपण दोघांनी मिळून एकदाही त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय.

मीही साधी नाही. ती खुर्ची वाटेत का ठेवली होती? कारण त्यांना एका दमात स्वयंपाकघरापर्यंत चालवत नव्हतं. ते शेजारी बसायचे म्हणून मी तसं लिहिलं, असं मी स्वतःला सांगते. पण दुकानातून लिहिलं तेव्हा कोण बसलं होतं शेजारी? डॉक्टर जिन्यात काय म्हणाले ते सरळ लिहिता आलं असतं. 'लगेच ये' एवढं पुरलं असतं. मी 'कानावर घातलं' असं लिहिलं. वाटलं, हा जन्मभर शब्दांतच आहे, याला कळेल.

बॅटरी चार्ज होत नव्हती म्हणून तू येत नव्हतास, की तुला यायचं नव्हतं म्हणून ती चार्ज होत नव्हती, हे मला समजत नाही. तुला समजत असेल तर लिही. विनोद न करता.

अक्का


१४ जानेवारी

अक्का,

विनोद न करता लिहायला बसलो आणि तीन कागद फुकट गेले. हा चौथा.

प्रथम बॅटरीचे सांगतो, कारण ते सोपे आहे. तो दिवा एकाही सकाळी जळत नव्हता. मी उठायचो तेव्हा गाडीत अंधार असायचा आणि बाहेर उजेड. 'उद्बोधक' असा शब्द मी तुला लिहिला. जुनी बॅटरी आतून मेलेली होती. चार्ज केली की भरल्यासारखी दाखवायची आणि भार पडताच ढासळायची. नवी तिला जोडल्यावर नवीने जे काही साठवले ते जुनी ओढून घेत राहिली. जुनी व नवी एकत्र जोडू नये, हे त्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेले होते. त्या ओळीतल्या 'जोडु'चा उकार मी ऱ्हस्वाचा दीर्घ केला होता. वाक्य वाचले नव्हते. पेन्सिलीची खूण अजून तिथे आहे.

तुझ्या पत्रानंतर मी जुनी काढून टाकली. काम अर्ध्या तासाचे होते. या आठवड्यात ऊन चांगले आहे. एकटी नवी बॅटरी दोन दिवसांत पूर्ण भरली आणि काल लावलेला दिवा आज सूर्य वर आल्यावरही जळत होता. मी तो बराच वेळ विझवला नाही.

आता तुझा प्रश्न.

सप्टेंबरात, मी घरी होतो त्या शेवटच्या आठवड्यात, अण्णांना प्रथमच मशीनचा मुखवटा लावलेला पाहिला. मी खोलीत शिरलो, त्यांनी हात वर केला आणि काहीतरी म्हणाले. बहुधा "काय पंडित" म्हणाले असतील. आवाज मुखवट्यात राहिला. मी "वैमानिकांना वंदन" असे काहीतरी बोलून बाहेर आलो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली. नदीचा संकल्प खरा होता, अक्का. पण त्यासाठी आधी पठारावर जावे लागते आणि बॅटरी सिद्ध करावी लागते, हे मला फार लवकर सुचले. बॅटरी चालत नाही, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळले होते. ती चालत नव्हती हे मला सोयीचे होते. बाईंचा जनरेटर घेतला असता तर दुसऱ्या दिवशी निघावे लागले असते.

तू 'लगेच ये' लिहिले असतेस तरी मी आलो असतो का, ते मला ठाऊक नाही. म्हणून तुझ्या वाट्याचे तू फार धरून बसू नकोस.

काल नदीवर गेलो होतो. एकटाच. रस्ता कच्चा आहे, पण गाडी जाते. अण्णांना फार हिसके बसले नसते. खांब आहे अजून. आकडे पुसट झाले आहेत, तरी वाचता येतात. पाणी किती आहे ते पाहून तुला कळवावे, म्हणून काठावर उकिडवा बसलो. पण पाणी स्थिर नसते. लाट वर आली की एक आकडा, खाली गेली की दुसरा. त्यांपैकी कोणता लिहून घ्यायचा? अण्णांनी आयुष्यभर हेच केले, आणि ते कोणता धरत असत हे मी त्यांना कधी विचारले नाही. तुला माहीत असेल तर कळव.

पंडित


२१ जानेवारी

पंडित,

नाही माहीत. मीही कधी विचारलं नाही. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, पण मी काठावर शिंपले वेचत होते. त्यांच्या ऑफिसातल्या दोघांपैकी एकाला फोन करून विचारावंसं वाटलं, मग नाही केला. तो त्याची रीत सांगेल. अण्णांची नाही.

तुझं पत्र वाचून राग गेला असं म्हणणार नाही. थोडा आहे. पण तू विचारलंस ते मला बरं वाटलं.

अण्णांची खोली मी अजून आवरलेली नाही. दार उघडते, बघते, बंद करते. मशीन हॉस्पिटलला परत द्यायचंय, त्यांचे दोन फोन येऊन गेले. कपाटात त्यांचे सदरे आहेत, तुझ्या मापाचे. मला हे एकटीने करायचं नाही. शनिवारी ये. सवड झाली तर, ऊन पडलं तर, असलं काही नाही. शनिवारी सकाळी. मी दुकान बंद ठेवणार आहे, आणि दुकान मी कधी बंद ठेवत नाही हे तुला माहीत आहे.

अक्का


२५ जानेवारी, शुक्रवार

अक्का,

तुझे पत्र आत्ता मिळाले. दुकानातच, साबणांच्या फळीला टेकून हे लिहितो आहे, कारण गाडी बाहेर सुरू आहे. हे पेटीत टाकले की निघालो. टपाल सोमवारी सुटते, म्हणजे हे तुझ्या हाती पडेल तेव्हा अण्णांची खोली आवरून झालेली असेल, मशीन परत गेलेले असेल आणि माझ्या अंगात अण्णांचा एखादा सदरा असेल. जी बातमी पोहोचेपर्यंत शिळी होणार ती कळवण्यात अर्थ नाही, हे मला समजते.

तरीही लिहितो, त्याला कारण आहे. उद्या तू दार उघडशील आणि मी उंबऱ्यातच काहीतरी बोलेन. तुझ्या चष्म्यावर, माझ्या दाढीवर, नाहीतर मशीनवर. मला ते थांबवता येत नाही. तू हसशील किंवा चिडशील, आणि मग दिवसभर आपण सदऱ्यांच्या घड्या घालू. जे बोलायचे ते राहून जाईल.

म्हणून ते आधीच पेटीत टाकतो आहे. मंगळवारी-बुधवारी, मी शेजारच्या खोलीत असताना, तुला मिळेल. वाच आणि मला काही म्हणू नकोस.

मला अण्णांची फार आठवण येते. मी घरी यायला हवे होते.

पंडित